जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन सिग्नलला थरथरतं, गॅरेजवाला हेड खोलायचं म्हणतो. नेमका बिघाड कसा ओळखावा?

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार गाडी २००८ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ८५ हजार किलोमीटर चाललेली. पावसाळा लागल्यापासून सकाळी गचके देते, सिग्नलला थरथरते, चढावर पिकअप नाही. एकाने प्लग बदलून दिले, दुसरा पेट्रोल पंप गेला म्हणतो आणि तिसरा थेट हेड, म्हणजे इंजिनचा सिलिंडरवरचा भाग, खोलायला निघालाय.

त्या तिसऱ्याला एवढंच विचारा, "कुठला सिलिंडर मिस करतोय?" उत्तर आलं नाही तर चावी परत घ्या आणि घरी या. कुठला सिलिंडर बंद आहे हे न बघता हेड खोलणं म्हणजे कुठला दात दुखतोय ते न विचारता भूल देणं.

मी मेकॅनिक नाही. पण तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. पुण्यात सहकारनगरमधून तळजाईच्या चढाला लागलं की गाडी दुसऱ्या गिअरमध्येही कुंथायची. बाबांचा एका गॅरेजवर फार जुना विश्वास (तिथे चहा मिळतो). त्यांनी आधी प्लग, मग फिल्टर, मग पंप असं करत साडेनऊ हजार घेतले. गाडी दोन दिवस बरी चालली आणि पाऊस आला की पुन्हा तेच. तेव्हा वैतागून मी स्वतः बॉनेट उघडलं.

पहिली गोष्ट, थरथर म्हणजे मिसिंगच (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) असं नाही. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ते फाटलं, तरी स्टेअरिंग आणि सीट थरथरतात, एसी लावला की जास्तच. फरक सायलेन्सरपाशी कळतो. गाडी सुरू ठेवून नळीच्या मागे वीतभर अंतरावर हात धरा, नळीला लावू नका. भक-भक-भक-भक असे सारख्या लयीत हवेचे धक्के लागले तर इंजिन ठीक आहे, माउंटिंग बघा. मधेच एक ठोका चुकून फुस्स होत असेल आणि तेही नेमाने, तर एक सिलिंडर मिस करतोय. आरपीएमचा काटाच वर-खाली झोके घेत असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा बहुधा थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, कार्बन साठलेला असतो, किंवा एखादी व्हॅक्यूमची नळी चिरलेली असते. अशी नळी फुसफुसते, कान दिला की ऐकू येते.

आता सिलिंडर शोधायचा. गाडी मोकळ्यावर लावा, बंद पार्किंगमध्ये नको, धूर कोंडतो. हँडब्रेक, न्यूट्रल, इंजिन सुरू. प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरवर (पेट्रोल फवारणारा भाग) छोटा कनेक्टर असतो. एक काढा, ऐका, परत लावा, मग पुढचा. कनेक्टर काढल्यावर इंजिन आणखी लडखडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काढूनही काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. पट्ट्याच्या बाजूचा सहसा एक नंबर, तिथून मोजा. काही गाड्यांत इंजेक्टर मॅनिफोल्डच्या (हवेच्या नळ्यांचा जुडगा) खाली दडलेले असतात, हात जात नाही. तिथे हे काम मेकॅनिककडून करून घ्या, पण शेजारी उभे राहून. चालू इंजिनवर प्लगची जाड वायर मात्र उपटू नका. काही जुने मेकॅनिक अजून तसंच करतात. झटका बसतो, ठिणगीचा करंट बनवणारी कॉइल मरू शकते आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

मोबाइलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंत. घेऊ नका. नव्या गाड्यांत तो पी०३०१, पी०३०२ असे कोड देतो आणि शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर, काम सोपं. पण २०१०च्या आधी आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे असे कोड देणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेची, सक्ती नव्हती. त्यामुळे तुमच्या गाडीशी तो बोलेलच असं नाही.

सिलिंडर कळला की इंजिन थंड होऊ द्या आणि त्याचा प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर ठीक. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ऑइलने माखलेला असेल तर आधी प्लग बसतो त्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. खड्ड्यातच ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनचं वरचं झाकण) पॅकिंग गळतंय, आणि ते ऑइल वायरीच्या टोकाचं रबरी बूट खराब करतं. खर्च पॅकिंगचा असतो, लोक घाबरतात मात्र इंजिन गेलं म्हणून.

मग अदलाबदल. बंद सिलिंडरचा प्लग शेजारच्यात, शेजारचा इकडे. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग वाईट. जागेवरच राहिला तर तोच खेळ वायरीशी, नंतर इंजेक्टरशी. मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवा, वायरी चुकीच्या जागी लागल्या तर गाडी नीट चालणार नाही. तुमच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत एकच कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते, १ आणि ४ला एक, २ आणि ३ला दुसरी. अशी जोडीच बंद असेल तर वायरीत वेळ घालवू नका, कॉइल बघा.

आमच्याकडे दोन नंबर बंद होता, प्लग ओला. वायर दिसायला चकाचक. तेव्हा एकाने सुचवलं की रात्री बघ. पाऊस थांबल्यावर सोसायटीच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली, दिवे बंद, बाबा आत बसले. आईचा इस्त्रीचा फवारा घेऊन मी वायरींवर लांबूनच थोडं पाणी मारलं आणि म्हटलं, "बाबा, जरा रेस द्या." दोन नंबरच्या वायरीपासून टॅपेट कव्हरपर्यंत निळा किडा वळवळावा तशी ठिणगी. टिक्, टिक्, आणि प्रत्येक टिकेला इंजिनचा ठोका चुकतोय. वायरीचं रबर आतून तडकलेलं, कोरड्या हवेत चालायचं, दमटपणा आला की करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच कव्हरवर उडी मारायचा. बाबा काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "म्हणजे पंप गेलाच नव्हता!"

तुमचा त्रास पावसाळ्यातच सुरू झालाय म्हणून माझा पहिला संशय तिथेच आहे. दुसरा संशय उंदरांवर. पार्किंगमधले उंदीर पावसात इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि बारीक वायरी कुरतडतात. इंजेक्टरच्या वायरीवरची टेप हाताने चाचपून बघा.

हे सगळं करूनही दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला, तरच कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं. चारही प्लग काढून गेज लावतात, पेट्रोल बंद करून, पूर्ण रेस दाबून स्टार्टर मारतात. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. तीन बारा बारच्या (दाबाचं माप) आसपास आणि एक सात आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. प्रेशर वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड खोलायची चर्चा ह्या आकड्यानंतर, आणि आकडा कागदावर लिहून घेऊन.

तोवर चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर कात्रजच्या घाटाकडे वगैरे नेऊ नका, कन्व्हर्टरचा खर्च वायरीच्या कितीतरी पट आहे.

वायरीच निघाल्या तर नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना जुना संच बरोबर न्या, लांबी जुळवायला. चारही बदला, एक बदलली की महिन्याभरात दुसरी रुसते. खोकं चकचकीत आणि भाव फारच कमी असेल तर पुढच्या दुकानात जा. आमच्या जुन्या संचातली एक नंबरची धड वायर अजून डिकीत आहे, खंबाटकी घाटात कधी लागली तर.