चर्चच्या हॉस्पिटलात नोकरी: धर्म, राजकारण आणि चहाची सुट्टी

अगं, तुझा मेसेज वाचला. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा तोंडावर आहे, कॉन्ट्रॅक्ट आलंय ते जर्मनीतल्या कॅथलिक संस्थेच्या हॉस्पिटलचं, आणि सांगलीला विश्रामबागेत घरचे म्हणतायत की धर्म बदलायला लावतील. शिवाय मोदी, जात, गाय असलं कुणी विचारलं तर काय बोलायचं? मी मिरजेची, इथे जर्मनीच्या पश्चिम भागात वॉर्डवर आहे. जसं आठवेल तसं सांगते.

घरच्यांना आधी आपल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलची आठवण करून दे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 मध्ये ते सुरू केलं. आपल्याकडच्या किती आज्या तिथे बाळंत झाल्या, आणि हिंदूच्या हिंदू घरी आल्या! इथेही तसंच. खोलीत क्रूस असतो, नाताळात कार्यक्रम असतो, कुणी ओढत नाही. चर्चचं सभासदत्व त्या कामासाठी खरोखर लागत असेल तरच चर्चच्या संस्थेने ते मागावं, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये दिलाय. इंजेक्शन द्यायला ते लागत नाही. गंमत म्हणजे त्रास झाला तर चर्च सोडून गेलेल्याला होतो, कधीच नसलेल्याला नाही. केरळच्या कॅथलिक नर्सेस 1960 च्या दशकापासून इथे येतायत, तेव्हा भारतीय म्हटलं की तू ख्रिश्चन असशील असं बऱ्याच पेशंटना वाटतं. "नाही, हिंदू" एवढंच सांगायचं. विषय तिथेच संपतो.

धर्माचा रकाना जपायचा तो पत्त्याची नोंदणी करताना. तिथे धर्म विचारतात तो करासाठी. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंस तर आयकराच्या 9 टक्के (बायर्न आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये 8) चर्च कर पगारातून कापला जातो. एजंटने "चर्चचं हॉस्पिटल आहे, कॅथलिकच लिहा" असा शहाणपणा शिकवला तर त्याच्या नादी लागू नकोस. आणि शाळा सोडल्याचा दाखला उगाच भाषांतराला देऊ नकोस. त्यावर जात-पोटजात असते, भाषांतरकार इमानदारीने तेही उतरवतो, आणि मग ऑफिसातली बाई तुला पहिल्याच दिवशी विचारते, हे काय आहे म्हणून. मागितला तरच दे.

टिकली, मंगळसूत्र. बांगड्या, अंगठी, घड्याळ ड्यूटीवर चालतच नाही, पण ते जंतुसंसर्गामुळे. धर्माचा संबंध नाही. गळ्यातलं घरी ठेव, गोंधळलेला पेशंट ओढतो. टिकलीचं मात्र सही करण्याआधी ई-मेलवर विचारून घे. चर्चच्या हॉस्पिटलने नर्सला हिजाब घालायला मनाई केली तर ती चालू शकते, असा निकाल इथल्या कामगार न्यायालयाने 2014 मध्ये दिला होता, म्हणून तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

आता राजकारण. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात तसं इथे तोंडाला कुलूप नसतं. सकाळच्या ब्रेकला ब्रेडवर चीज लावता लावता भाडं, पेन्शन, निर्वासित, निवडणूक, सगळं निघतं आणि लोक चांगले भांडतात. पण कुणाला मत दिलंस हे विचारत नाहीत. आपल्याकडे "कुठल्या गटाचा?" हे गावाच्या नावानंतर लगेच येतं, कारखान्याच्या निवडणुकीत तर आधीच. ती सवय विमानतळावरच ठेव. पहिले काही महिने ऐक. बी-टूच्या भाषेत माणसाला "मला आपलं वाटतं" असं मऊ बोलता येत नाही, प्रत्येक वाक्य हुकूम सोडल्यासारखं पडतं. पगारावर मात्र बोल. चर्चच्या संस्थांत पगारवाढ सहसा संपातून येत नाही, मालक आणि कर्मचाऱ्यांचे सारखेच प्रतिनिधी असलेली समिती ठरवते. कर्मचाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी तुझ्या हॉस्पिटलात असतील, त्यांना पहिल्या आठवड्यात भेट.

एक गोष्ट मात्र अजिबात नाही: हिटलर. आपल्याकडे "असा एक कडक माणूस पाहिजे" हे चहाच्या गाड्यावर सहज बोलून जातात. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका भारतीय मुलाने ब्रेकला, स्तुती म्हणूनच, म्हटलं की शिस्त त्याच्याकडून शिकावी. समोरच्या सिस्टरने हातातला कप खाली ठेवला आणि उठून गेली. पुढच्या तासाभरात वॉर्डप्रमुखाने त्याला आत बोलावलं. ज्यूंचा संहार नाकारणं, त्याचं समर्थन करणं हा इथे गुन्हा आहे, आणि आपल्या वॉर्डात ते युद्ध लहानपणी पाहिलेले म्हातारे झोपलेले असतात. नाझी चिन्हांवरही बंदी आहे. आपलं स्वस्तिक कायद्याच्या निशाण्यावर नाही, पण शेजारच्या म्हातारीला ते ठाऊक नसतं. दिवाळीला दाराबाहेर कमळ काढ, स्वस्तिक देव्हाऱ्यात.

जात आणि ठरवून केलेल्या लग्नाबद्दल पेशंट विचारणारच. बहुतेकांना वेळ घालवायचा असतो. दोन वाक्यांत खरं ते सांग. "आमच्याकडे जात नाहीच" असं म्हणू नकोस, उद्या तोच पेशंट टीव्हीवर काहीतरी बघून तुला परत विचारेल. आणि कुणी तुझ्या रंगावरून बोललं, "दुसरी सिस्टर पाठवा" म्हणालं, तर हसून सोडू नकोस, लेखी नोंद कर. समान वागणुकीचा कायदा 2006 पासून आहे आणि तुझं संरक्षण करणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे.

खरी भांडणं, सांगू का, आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतात. घर शोधायला, डाळ कुठे मिळते विचारायला म्हणून ग्रुप काढतात आणि भारतातल्या निवडणुका आल्या की त्यावर फॉरवर्डचा चिखल होतो. त्यात वॉर्डवरच्या सीरियन डॉक्टरबद्दल, तुर्की आयाबद्दल कुणी घाण लिहिलं, की स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये. रात्री दोनला पेशंट कोसळला तर धावत येणारा तोच डॉक्टर असतो. डाळीपुरता ग्रुप ठेव, बाकी म्यूट.

सणांचं गणित ड्यूटीच्या यादीवर सुटतं. 24 डिसेंबरची संध्याकाळ कुणालाच नको असते. ती तू घे, तुर्की मुलीची ईद सांभाळ, आणि लक्ष्मीपूजनाची सुट्टी उन्हाळ्यातच लेखी मागून ठेव. दिवाळीची तारीख दरवर्षी बदलते हे यादी करणाऱ्या बाईला तूच सांगायचंस, तिच्या कॅलेंडरवर ती नसते.