कंपनीच्या संस्कृतीवर एथ्नोग्राफी (लोकांत राहून, बघून केलेला अभ्यास) करायची आहे, आत जाण्याआधी काय वाचू?

तुम्ही लिहिलंय की समाजशास्त्रात एमए करताय, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात तीन महिने बसायची परवानगी मिळालीय आणि गाइडनी २२ पुस्तकांची यादी हातात दिलीय. सुरुवात कुठून करायची?

यादीच्या तळापासून करा. अशा याद्यांत सिद्धांत वर असतो आणि लोकांत राहून लिहिलेली पुस्तकं खाली. मी वरून सुरुवात केली आणि फसलो. कंपन्यांच्या संस्कृतीवर लिहिणाऱ्या एडगर शाइनचे संस्कृतीचे तीन थर (डोळ्यांना दिसतं ते, लोक तोंडाने सांगतात ते आणि सगळे न बोलता धरून चालतात ते) मला तोंडपाठ होते. एका पतसंस्थेत गेलो, वहीत तीन रकाने आखले आणि दोन आठवडे इमानेइतबारे भरले. गाइडनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "चहाचे पैसे कोण देतं?" मला सांगता येईना. रोज दोनदा पीत होतो!

म्हणून आधी हॉथॉर्न नावाच्या कारखान्यातला अभ्यास वाचा. मॅनेजमेंटच्या पुस्तकात दिव्यांच्या उजेडाची गोष्ट असते ती सोडा, वायरिंगच्या खोलीचं प्रकरण काढा. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या त्या कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांना वेगळ्या खोलीत बसवलं आणि एक निरीक्षक तिथेच बसून नुसता बघत राहिला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये राहून आलेला मानववंशशास्त्रज्ञ लॉइड वॉर्नर यात सल्लागार होता. जास्त काम केलं तर जास्त पैसे, अशी पद्धत असूनही दिवसाला किती काम 'पुरे' हे त्या गड्यांनी आपसातच ठरवून टाकलेलं. कोणी फार हात चालवला की शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा हाणायचा. हा गुद्दा कुठल्या मुलाखतीत सापडला असता?

त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर वाचा. झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर तो फिरला. मॅन्युअल जिथे हात टेकतं तिथे ही मंडळी एकमेकांना बिघाडाचे किस्से सांगून वाट काढतात, हे त्याने दाखवलं. गिडियन कुंडाचं १९९२ चं 'इंजिनिअरिंग कल्चर' हे पुस्तकही सोडू नका. त्यातल्या अमेरिकन कंपनीत 'आपली संस्कृती' कार्यशाळा घेऊन शिकवतात आणि इंजिनिअर तीच भाषा कधी मनापासून, कधी टिंगलीत बोलतात. तुमच्याकडेही एचआर पहिल्याच दिवशी 'आम्ही एक कुटुंब आहोत' म्हणणार. ते निष्कर्ष म्हणून उतरवू नका, कोण कोणासमोर म्हणालं ते उतरवा.

पुस्तकांइतकाच वेळ कंपनीच्या कागदांना द्या: वार्षिक अहवाल, युनियनबरोबरचे जुने वेतन करार, स्थायी आदेश (कामगारांच्या नोकरीचे लेखी नियम), नोटीस बोर्डावरची सर्क्युलरं. वेतन करार लागोपाठ तीन वाचलेत तर भांडण कशावरून होत आलंय ते आत पाऊल टाकण्याआधीच कळेल. कँटीनवरून असेल, बसवरून असेल, कंत्राटी पोरांवरून असेल. मात्र या कागदांची लेखी परवानगी आधी काढा, नंतर कोणी हात लावू देत नाही.

आणि गेटमधून शिरण्याच्या आदल्या रात्री, तिथे काय दिसेल असं वाटतं ते एका पानावर लिहून तारीख टाकून ठेवा. महिन्याभराने ते पान उघडताना लाज वाटते, पण प्रबंधाचं पहिलं प्रकरण मला त्यातूनच सुचलं.

२२ पैकी चार-पाच झाली की गेटपास काढा. उरलेली रात्री वाचा, त्या दिवसाच्या नोंदी लिहून झाल्यावर.