‘तो धडा घरी वाचा’ म्हणू नका

जूनमध्ये शाळा उघडल्या की जिल्हाभरातून उत्क्रांतीबद्दल त्याच शंका येतात. म्हणून पाच उत्तरं एकत्र देतो.

दहावीतून हा धडा काढला, हे खरं का? (पालक, जुळे सोलापूर)

राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग वगळला तो एनसीईआरटीने, म्हणजे सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेने, तिच्या स्वतःच्या दहावीच्या पुस्तकातून. व्हॉट्सॲप बाजूला ठेवा आणि मुलाचं पुस्तक उघडा.

माकडाचा माणूस झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? (विद्यार्थी, बार्शी)

चुलतभावापासून कुणी जन्मत नाही, दोघांचे आजोबा एक असतात. आपली आणि चिंपांझीची वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली.

‘आमच्या धर्मात हे बसत नाही’ अशी एका पालकांची तक्रार आली. मुख्याध्यापक म्हणतात, धडा घरी वाचायला सांगा. काय करू? (शिक्षक, अक्कलकोट)

कृपा करून तसं सांगू नका. मी होतो त्या एका शाळेत हा धडा ‘वेळ उरला तर घेऊ’ म्हणून लांबवला. वेळ उरला नाही. पुढे त्यातलाच एक मुलगा शेतीत पडला आणि मला म्हणाला, ‘सर, बोंडअळीला बीटीची सवय झाली.’ बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. पण अळी सवय लावून घेत नाही हो! ज्या मोजक्या अळ्या जात्याच तगल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. हे त्याला शाळेत कळायला हवं होतं.

सुरुवात माणसापासून करूच नका. मालदांडी ज्वारीची दहा कणसं वर्गात न्या. बियाण्याला कोणतं ठेवाल, विचारा. शेतकऱ्याच्या मुलाचा हात आपोआप भरल्या कणसाकडे जातो. मोहोळला अशीच निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण काढला गेला. मग विचारा, निवडणारा हातच नसेल तर? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर चंडोल पक्ष्याची अंडी मातीत अशी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. जी उठून दिसली, ती कोल्ह्या-मुंगसांनी खाल्ली. इथं मुलं गप्प होतात, विचार करू लागतात.

कुणाच्या देवाधर्माबद्दल मुलाला वर्गात उभं करून विचारू नका. त्या पालकांना पुस्तक दाखवा, पण एकट्याने भेटू नका. मुख्याध्यापकांना बरोबर घ्या. तरी मिटलं नाही तर डाएटमधल्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या) विज्ञानाच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या. तोवर धडा थांबवू नका.

दशावतार म्हणजेच उत्क्रांती, असं शिकवलं तर पालक खूश होतात. चालेल? (शिक्षिका, पंढरपूर)

नाही. अवतार देव ठरवून घेतो. नैसर्गिक निवडीत ठरवणारं कुणी नसतं. असं शिकवून दशावतारही चुकीचे कळतात आणि विज्ञानही. क्लासवाल्यांच्या ‘हमखास’ नोट्सही हेच छापतात, शिवाय वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची ती रांग. त्यावर पैसे घालवू नका, पुस्तकातला स्वाध्याय सोडवून घ्या.

आजी म्हणते, हे लिहिणं पाप आहे. पेपरात काय लिहू? (विद्यार्थिनी, सोलापूर)

पुस्तकात आहे ते लिही, बाळ. आजीशी वाद घालू नकोस. मनाला फारच लागलं असेल तर आईला घेऊन वर्गशिक्षिकांना भेट, याच आठवड्यात.