शीलाला कळले, ते वडिलांना का कळले नाही?

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंघात जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकाचे वाचन झाले. इव्हा स्मिथ या कामगार मुलीच्या आत्महत्येच्या चौकशीसाठी एक इन्स्पेक्टर कारखानदार बर्लिंग यांच्या घरी येतो, तेव्हा मुले शीला आणि एरिक आपला दोष कबूल करतात, आईवडील मात्र करीत नाहीत. आमच्यातील ज्येष्ठ म्हणतात की बर्लिंग यांनी कोणताही कायदा मोडलेला नाही. तरुणांना ते पटत नाही. नाटककार तरुणांचा पक्षपाती आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ज्येष्ठांचे म्हणणे कायद्यापुरते बरोबर आहे आणि नाटकाची धार नेमकी तिथेच आहे. आठवड्याला साडेबावीस शिलिंगांऐवजी पंचवीस मागणाऱ्या संपात पुढे राहिली म्हणून इव्हाला कामावरून काढणे, किंवा मदत मागायला आलेल्या त्याच गरोदर मुलीला बर्लिंगबाईंच्या मदत समितीने परत पाठवणे, यांपैकी कशालाही शिक्षा नाही. आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला देऊ पाहणाऱ्या कांचनभटाकडे सरळ बोट दाखवता येते, इथे मात्र पाच जणांनी आपापल्या परीने थोडे थोडे केले आहे, आणि म्हणूनच प्रत्येकाला हात झटकता येतात.

इन्स्पेक्टर तोतया असल्याचे कळताच आईवडिलांना हायसे वाटते, कारण त्यांना भीती होती ती लौकिकाची. शीलाचे म्हणणे असे की तो खरा असो वा खोटा, आपण केले ते केलेच. परंतु ही रेघ वयाची नाही. शीलाचा वाग्दत्त वर, तिशीच्या आसपासचा जेराल्ड, ज्याने इव्हाला काही काळ ठेवून नंतर सोडून दिले, तो सुटकेची वाट शोधून काढतो आणि शीलापुढे पुन्हा साखरपुड्याची अंगठी धरतो.

माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे तो काळाचा हिशेब. नाटक घडते १९१२ मध्ये, पहिल्यांदा रंगमंचावर आले ते १९४५ मध्ये. विशीतली शीला आणि एरिक तोवर पंचावन्नच्या घरात पोहोचले असते. १८९४ साली जन्मलेले आणि पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढलेले प्रीस्टली स्वतः एरिकच्याच पिढीचे. म्हणजे रंगमंचावरची तरुण पिढी हीच प्रेक्षागृहातली वडीलधारी पिढी होती, आणि तरुणपणी झालेल्या त्या जाणिवेचे दोन महायुद्धांनंतर काय उरले, हा प्रश्न नाटककार समवयस्कांना विचारीत होता. यात तरुणांचे कौतुक असलेच, तर ते फार सावध आहे.

म्हणून पुढच्या वाचनात शीला आणि एरिक यांचे संवाद ज्येष्ठांकडे द्यावेत आणि आईवडिलांचे तरुणांकडे, असे मी मनापासून सुचवतो.