ताप नाही, तरीही लेप्टोचा अहवाल पॉझिटिव्ह

प्रश्न : भातलावणीनंतर माझ्या दिरांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा रोग) झाला. तेव्हा घरातील सर्वांचे रक्त तपासले, आणि एकही दिवस ताप आलेला नसताना माझा अहवाल पॉझिटिव्ह आला. मी औषध घ्यावे का? मुलांना माझ्यापासून धोका आहे का?
– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : आपल्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, सापडली आहेत. लेप्टोस्पायरा हा जिवाणू कधीतरी शरीरात शिरला आणि शरीराने त्याला आवरले, याची ती खूण असून ती कित्येक महिने टिकू शकते. लागण झालेल्या पुष्कळांना काहीच होत नाही किंवा किरकोळ ताप येऊन जातो. त्यामुळे लक्षणे नसताना केवळ अहवालावरून औषध घेण्याचे कारण नाही. माणसाकडून माणसाला हा रोग क्वचितच होतो, तेव्हा मुलांना जवळ घेताना मुळीच कचरू नका.

मला काळजी वाटते ती आपल्या खाचराची. उंदराच्या मूत्रपिंडात हा जिवाणू दीर्घकाळ राहतो, तरी उंदीर ठणठणीत असतो. गुरांच्या मुतातूनही तो बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे जगतो. बांधावर उंदरांची बिळे, गोठ्याचे पाणी खाचरात उतरणारे, आणि त्याच चिखलात तासन्‌तास उभे राहून पायांच्या बोटांमध्ये झालेल्या चिखल्या : जिवाणूला आत शिरायला एवढे पुरते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले, तेही अशाच पाण्यातून चालल्यामुळे. शिवाय या जिवाणूचे दोनशेहून अधिक उपप्रकार असल्याने एकदा लागण झाली म्हणून पुढच्या पावसाळ्यात आपण सुरक्षित आहात, असे समजू नका.

लावणीच्या दिवसांत प्रतिबंध म्हणून आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीन ही प्रतिजैविकाची गोळी देतात. अंदमानातील चाचणीत या गोळीने लागण थांबली नव्हती, आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण मात्र घटले होते. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गमबूट घालून रोपे लावणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. निदान चिखल्यांवर वेळीच उपचार करावेत, जखम झाकावी आणि गोठ्याचे पाणी खाचरात जाऊ न देता वेगळ्या खड्ड्यात सोडावे.

लावणीनंतर महिनाभरात घरात कोणालाही ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर अंगदुखीची गोळी घेऊन वाट पाहू नका, कारण त्यांपैकी काही गोळ्या मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन, विचारण्याची वाट न पाहता, आपण चिखलात काम केले होते असे सांगा.