वाचकांचे प्रश्न : सँडी कोफॅक्सची पहिली सहा वर्षे

प्रश्न : बेसबॉलमधील सर्वोत्तम डावखुऱ्या पिचरांमध्ये, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्यांमध्ये, सँडी कोफॅक्सची गणना होते, तरीही १९६० च्या अखेरीस त्याच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराभव होते. १९६१ च्या सराव हंगामात एका सहकाऱ्याने ‘इतक्या जोरात टाकू नकोस’ असे सांगितले आणि सारे पालटले, ही कथा खरी मानावी काय?

उत्तर : कथा खरी आहे, पण अपुरी आहे.

ब्रुकलिनमध्ये जन्मलेला कोफॅक्स शाळेत बास्केटबॉलपटू म्हणून ओळखला जात असे आणि सिनसिनाटी विद्यापीठातही तो आधी त्याच खेळाकडे वळला होता. पिचर म्हणून त्याचा अनुभव तुटपुंजाच होता. डिसेंबर १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला ६,००० डॉलर वेतन आणि १४,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले. चार हजारांहून अधिक बोनस घेणाऱ्या नवोदिताला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावे लागे, असा तेव्हाचा नियम होता. त्यामुळे मायनर लीगमध्ये, म्हणजे जिथे बहुतेक पिचर चुकतमाकत घडतात तिथे, त्याला पाठवताच येईना. शाळकरी गोलंदाजाला एकही रणजी सामना न खेळवता भारतीय संघात घ्यावे आणि राखीव खेळाडूंत बसवून ठेवावे, तसा हा प्रकार होता. त्याच्यासाठी जागा करताना टॉमी लासोर्डा या दुसऱ्या डावखुऱ्या पिचरला माँट्रियलच्या मायनर लीग संघात धाडण्यात आले. पुढे डॉजर्सचे व्यवस्थापक झालेले लासोर्डा हा किस्सा थट्टेने, पण अभिमानाने सांगत.

विजेतेपदाच्या शर्यतीतील संघाचे व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन नवशिक्यावर सामना सोपवायला धजत नसत, आणि त्यांना दोष देणे कठीण आहे. १९५५ मध्ये कोफॅक्सला पुरती ४२ इनिंगही (एका सामन्यात साधारण नऊ इनिंग, म्हणजे डाव, असतात) मिळाली नाहीत. त्या वर्षी २७ ऑगस्टला त्याने सिनसिनाटीच्या संघाला केवळ दोन हिट (फलंदाजाला बेस गाठून देणारे फटके) देत १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले; संपूर्ण हंगामातील त्याचे स्ट्राइकआउट होते ३०. त्याच हंगामात त्याने २८ वॉक दिले, म्हणजे इतक्या वेळा चार चेंडू ठरलेल्या क्षेत्राबाहेर टाकून फलंदाजाला पहिला बेस फुकट बहाल केला. असा पिचर एका दिवशी सामना एकहाती जिंकून देतो आणि पुढच्या वेळी पहिल्याच इनिंगमध्ये संघाला अडचणीत आणतो. नियमित खेळला असता तर हे अंतर कमी झाले असते. पण पहिल्या दोन हंगामांत मिळून त्याने जेमतेम शंभर इनिंग टाकल्या.

संघ लॉस एंजेलिसला गेल्यावर, १९५८ मध्ये, ११ विजय, ११ पराभव आणि १०५ वॉक अशी त्याची कामगिरी होती. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी जायंट्सविरुद्ध त्याने १८ स्ट्राइकआउट घेतले. १९६० मध्ये १७५ इनिंगमध्ये १९७ स्ट्राइकआउट आणि शंभर वॉक, परंतु ८ विजयांना १३ पराभव. हंगाम संपताच त्याने आपले साहित्य कचऱ्यात टाकले, ते संघाच्या कर्मचाऱ्याने उचलून ठेवले. एवढा हताश झालेला पिचर काही तोपर्यंत निष्प्रभ नव्हता, हे आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

ऑर्लँडोतील सराव सामन्यात कॅचर (फलंदाजामागे उभा राहून पिचरचे चेंडू झेलणारा) नॉर्म शेरीने तो प्रसिद्ध सल्ला दिला. जोर थोडा कमी करूनही वेग टिकतो आणि चेंडू हव्या त्या ठिकाणी पडतो, हे कोफॅक्सला तेव्हा उमगले. चेंडू टाकण्यापूर्वी तो इतका मागे झुकतो की लक्ष्यच नजरेआड होते, हा दोषही संघाचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, केनी मायर्स यांनी हेरला होता. १९६१ मध्ये २५५ इनिंगमध्ये ९६ वॉक, १८ विजय आणि २६९ स्ट्राइकआउट. ख्रिस्टी मॅथ्यूसन या जुन्या पिचरचा १९०३ पासूनचा, एका हंगामात २६७ स्ट्राइकआउटचा नॅशनल लीग (अमेरिकन बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी एक) विक्रम त्याने मोडला. माझ्या मते तो सल्ला रुजला, कारण तोवर सुमारे ६९० इनिंगचा अनुभव त्याच्या गाठीशी जमला होता. १९५५ मध्ये हेच शब्द बहुधा वाया गेले असते.

प्रश्न : मग बोनसच्या त्या नियमाने सर्वच तरुणांचे नुकसान केले काय?

उत्तर : नाही. श्रीमंत संघांनी उगवते खेळाडू पैशाच्या बळावर गोळा करू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. डेट्रॉइटचा अल केलाइन मायनर लीगमध्ये न खेळताच १९५५ मध्ये, विसाव्या वर्षी, अमेरिकन लीगमध्ये सर्वोच्च सरासरीचा फलंदाज ठरला. मात्र तो रोज मैदानात उतरत होता. त्याच नियमाखाली वॉशिंग्टनमध्ये आलेला हार्मन किलब्रू प्रारंभीची वर्षे बहुतांशी बाकावरच होता आणि त्याची खरी ताकद १९५९ मध्ये, ४२ होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखे फटके) मारल्यावर, दिसली.