वाचकांचे प्रश्न: गुस हिडिंक नशीबवान होता की खरंच मोठा कोच?

प्रश्न: २००२ च्या वर्ल्ड कपला साउथ कोरियाला सेमीफायनलपर्यंत नेणारा डच कोच गुस हिडिंक याच्यावरून आमच्या मित्रांमध्ये जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं की त्याचं अख्खं करिअर नशिबावर चाललं, १९८८ ला त्याच्या पीएसव्ही या डच क्लबने शेवटच्या पाचही मॅच ड्रॉ करून युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) नेला आणि कोरियाला तर रेफ्रींनीच जिंकवलं. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तुमचा मित्र सांगतोय ते आकडे बरोबर आहेत, त्यात वादच नाही. पीएसव्ही आइंडहोवनने क्वार्टरफायनलला बोर्दोशी १-१ आणि ०-०, सेमीला रिअल माद्रिदशी १-१ आणि ०-०, आणि श्टुटगार्टच्या फायनलला बेनफिकाशी ०-०, मग पेनल्टीत ६-५. पीएसव्हीच्या सहाच्या सहा पेनल्टी आत गेल्या आणि बेनफिकाच्या वेलोसोची गोलकीपर फान ब्रोइकेलनने अडवली, संपलं. पण हीच टीम त्याच सीझनला डच लीगमध्ये शंभराच्या वर गोल मारून चॅम्पियन झाली होती आणि डच कपही जिंकली होती, आणि ते सुद्धा रुड गुलिटसारखा प्लेअर मिलानला विकून झाल्यावर. म्हणजे गोल मारता येत नव्हते म्हणून ड्रॉ झाल्या असं नाही, समोर बुत्राग्वेन्यो आणि ह्युगो सांचेझ असलेली माद्रिद आहे, त्यांच्या घरी जाऊन आपण एक गोल मारून आलोय, अवे गोलचा नियम (दोन मॅच मिळून बरोबरी झाली तर बाहेरच्या ग्राउंडवर जास्त गोल मारणारा पुढे) आपल्या बाजूने आहे, मग आता घरी काहीही झालं तरी गोल खायचा नाही, हे ठरवून खेळलेले लोक होते ते. हिडिंक तेव्हा ४१ वर्षांचा होता आणि हेड कोच म्हणून तो त्याचा पहिलाच पूर्ण सीझन!

आता कोरिया. इटलीविरुद्ध मोरेनो नावाच्या इक्वेडोरच्या रेफ्रीने एक्स्ट्रा टाइममध्ये टोट्टीला बाहेर काढलं, आणि स्पेनविरुद्ध तर मोरिएंतेसचा हेडर चक्क गोल होता, लाइन्समनने बॉल बाहेर गेला म्हणून झेंडा वर केला आणि रीप्लेमध्ये बॉल आतच दिसतो. स्पेनवर अन्याय झाला, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण इटलीची मॅच पूर्ण बघितलीत का? आन जुंग-ह्वानने सुरुवातीलाच पेनल्टी घालवली, बुफॉनने अडवली, मग व्हिएरीने गोल मारला. तासाभराच्या खेळानंतर कोरिया ०-१ ने मागे, आणि इथे हिडिंकने काय केलं तर एक डिफेंडर काढून फॉरवर्ड आणला, पाच मिनिटांनी डिफेन्सिव्ह मिडफिल्डर काढून अजून एक फॉरवर्ड, आणि ८३ व्या मिनिटाला थेट कॅप्टन होंग म्युंग-बो, म्हणजे डिफेन्सचा कणाच, बाहेर आणि चा दु-री आत. ८८ व्या मिनिटाला सोल की-ह्योनने बरोबरी केली. आणि ज्या आनने पेनल्टी घालवली त्याला बाहेर काढलंच नाही, त्यानेच ११७ व्या मिनिटाला गोल्डन गोल मारला, म्हणजे एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला की मॅच तिथेच संपायची. यात नशिबाचा भाग असेलच हो, पण समोर इटली असताना तीन डिफेन्सवाले काढायची हिंमत नशिबाने येत नाही.

आणि हे एकदाच झालं असतं तर गोष्ट वेगळी. २००५ ला ऑस्ट्रेलियाचा कोच असताना उरुग्वेविरुद्ध प्लेऑफ, पहिली लेग ०-१ हरलेले, सिडनीत अर्धा तास होतोय तोच डिफेंडर पोपोविचला काढून हॅरी क्युएलला आणलं, थोड्याच वेळात ब्रेशियानोचा गोल, मग पेनल्टीत श्वार्झरने दोन अडवल्या आणि ऑस्ट्रेलिया १९७४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेली. २००६ ला जपानविरुद्ध ०-१ मागे, परत तेच, केहिल, केनेडी, अलोयसी एकेक करून आत, आणि ८४ ते ९२ व्या मिनिटात तीन गोल. वर्ल्ड कपमधले ऑस्ट्रेलियाचे ते पहिलेच गोल होते. चार वर्षांत तीनदा एकच गोष्ट घडली तर तिला नशीब म्हणायला मी तयार नाही.

प्रश्न: मी कोल्हापुरात एका तालमीच्या पोरांना कोचिंग देतो. कोरियाची टीम हिडिंकने दीड वर्षात नेमकी कशी बदलली? आमच्याकडे ज्युनिअर पोरं सीनिअरला ग्राउंडवर ओरडून पास मागायला पण लाजतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण अगदी हाच प्रॉब्लेम कोरियात होता. तिथे वयाचा मान फार कडक, धाकट्याने थोरल्याशी आदरानेच बोलायचं, जेवायला सुद्धा सीनिअर एका टेबलावर आणि ज्युनिअर दुसऱ्या. मॅच चालू असताना विशीतला पोरगा तिशीतल्याला बोलणार कसा, आणि सांगेपर्यंत बॉल निघून जातो ना! हिडिंकने सरळ सांगितलं की ग्राउंडवर सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची आणि जेवताना मिसळून बसायचं. ऐकायला छोटी गोष्ट वाटते, पण त्या पोरांसाठी ती फार अवघड होती.

दुसरं फिटनेसचं. कोरियात सगळ्यांचा समज असा की आपली पोरं दमात पक्की, टेक्निकमध्ये कच्ची. हिडिंकने येऊन उलटं सांगितलं, टेक्निक ठीक आहे पण दम कमी पडतोय, एक स्प्रिंट मारल्यावर दुसरी मारायला जितक्या लवकर तयार व्हायला पाहिजे तितके होत नाहीत. मग रेमंड फरहायेन हा डच फिटनेस ट्रेनर आणला आणि वर्ल्ड कपच्या आधी महिनोन्‌महिने तेच. त्या काळात रिझल्ट मात्र भयंकर, मे २००१ ला फ्रान्सकडून ०-५, ऑगस्टला चेककडून पुन्हा ०-५, आणि कोरियन पेपरवाल्यांनी त्याचं नावच ‘पाच-शून्य’ ठेवलं. तरी त्याने प्लॅन बदलला नाही, फेडरेशननेही त्याला काढलं नाही, आणि मला वाटतं खरी परीक्षा ही होती. मे २००२ ला त्याच फ्रान्सशी परत गाठ पडली तेव्हा स्कोअर २-३ होता, फ्रान्स कशीबशी जिंकली.

त्याआधी कोरिया पाच वर्ल्ड कप खेळली होती, १४ मॅच आणि एकही जिंकलेली नाही. २००२ ला पोलंड, पोर्तुगाल, इटली हरले, अमेरिकेशी ड्रॉ, स्पेन पेनल्टीत गेलं, आणि शेवटी सेमीला जर्मनीकडून ०-१. पोर्तुगालविरुद्ध पार्क जी-सुंगचा गोल तुमच्या पोरांना जरूर दाखवा, छातीवर बॉल घेतला, उजव्या पायाने डिफेंडरवरून काढला आणि डाव्याने मारला, आणि मग धावत जाऊन हिडिंकच्या मिठीत. पुढे हिडिंकने त्याला पीएसव्हीला नेलं, सुरुवातीला घरचंच पब्लिक त्याला हूटिंग करायचं, आणि २००५ ला तोच पार्क चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला मिलानविरुद्ध गोल मारत होता, आणि तिथून मँचेस्टर युनायटेड.

तुम्ही एवढंच करून बघा, प्रॅक्टिस मॅचमध्ये पास मागताना फक्त नाव घ्यायचं, दादा-भाऊ बाहेर आल्यावर. सुरुवात सीनिअर पोरांना विश्वासात घेऊन करा, त्यांनीच सांगितलं की धाकटे लगेच बोलायला लागतात.

प्रश्न: मग शेवटची काही वर्षं एवढी वाईट का गेली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: गेलीच, तो कोच असताना तुर्की युरोला पोचली नाही, २०१४ ला परत नेदरलँड्सचा कोच झाला तर वर्षही पूर्ण झालं नाही, आणि चीनच्या ऑलिंपिक टीमवरून २०१९ ला काढून टाकलं. २०२१ ला कुराकाओची नोकरी सोडून रिटायर झाला. माझं मत असं की हिडिंकला रोज प्लेअर हातात लागायचे. कोरियात लीगचं शेड्यूल सुद्धा त्याच्या सोयीने हलवून प्लेअर महिनोन्‌महिने कॅम्पला दिले होते, चेल्सीला २००९ मध्ये मधेच आला तरी रोज ट्रेनिंग घ्यायला मिळायचं आणि तीन-चार महिन्यांत एफए कप जिंकला, त्यात फक्त एक मॅच हरला. नॅशनल टीमला प्लेअर चार दिवस येतात आणि जातात, तिथे त्याची पद्धत रुजायला वेळच मिळत नाही. आणि वयाचं पण आहेच, २०१४ ला तो ६७ चा होता.

प्रश्न: हिडिंकची एकच मॅच बघायची तर कोणती बघू? मी बारावीत आहे, डिसेंबरपर्यंत वेळ कमी आहे. (एक विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर: युरो २००८ ची क्वार्टरफायनल बघ, बासेलला, रशिया विरुद्ध नेदरलँड्स. हिडिंक रशियाचा कोच, म्हणजे स्वतःच्याच देशाविरुद्ध. ग्रुपमध्ये इटलीला ३-० आणि फ्रान्सला ४-१ हरवून आलेली डच टीम, सगळे तिलाच फेव्हरिट धरत होते. रशियाकडे आर्शाविन, पहिल्या दोन मॅच सस्पेन्शनमुळे खेळू शकणार नाही हे माहीत असूनही हिडिंकने त्याला टीममध्ये घेतलं होतं. ८६ व्या मिनिटाला फान निस्टलरॉयने बरोबरी केल्यावर कुठलीही टीम ढेपाळली असती. वेळ कमी असेल तर तिथून पुढचा एक्स्ट्रा टाइमच बघ. बॉलवर लक्ष ठेवू नकोस, बॉल नसलेले रशियन प्लेअर किती धावतायत ते बघ, डच डिफेंडर दमून जागेवर उभे राहतात आणि हे दोन-दोन, तीन-तीन जण पुढे पळत सुटतात. फरहायेन याही टीमबरोबर होता. ११२ व्या मिनिटाला आर्शाविनच्या क्रॉसवर तोर्बिन्स्की कुठून येतो ते रिवाइंड करून बघ, आणि चार मिनिटांनी आर्शाविनचा स्वतःचा गोल, ३-१.